आमची वाटचाल: गाडीच्या तळापासून आतल्या पत्र्यापर्यंत

गाडीच्या आतल्या पत्र्यावर आवाज दाबणारा कोट फवारणं हे आज आमचं काम, पण सुरुवात वेगळी होती. शिवाजी उद्यमनगरातलं वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान 2009 मध्ये आम्ही दोघा भावांनी चालवायला घेतलं. कोल्हापुरात असलो तरी गिऱ्हाईक बरंचसं घाटाखालचं: मालवण, देवगड, रत्नागिरी. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे गाड्यांचे तळ गंजून चाळण झालेले. डेंटिंगपेक्षा तळाला डांबर-रबराचं अंडरकोटिंग मारण्याचं काम जास्त यायला लागलं, तसं गोकुळ शिरगावात शेड भाड्यानं घेतलं आणि रॅम्प टाकला.

कोटिंग करून गेलेली माणसं परत आली की हटकून सांगायची, गाडी आतनं जरा शांत झाली. चिपळूणचे एक जीपवाले काका तर हट्टालाच पेटले, "मग आतनं पण मारा की वो." त्यांना नाही म्हटलं. डांबरी कोटिंगमध्ये थिनरसारखं सॉल्व्हंट असतं. तळाला वारा लागतो, वास उडून जातो. आत मारलं तर मे महिन्यात काचा लावून गाडीत बसवणार नाही. पण काकांचा प्रश्न डोक्यातनं जाईना.

मोटारींच्या काही मोठ्या कारखान्यांत आवाज दाबायला फ्लोअरवर डांबरी पट्ट्या चिकटवण्याऐवजी पाण्यात कालवलेलं ॲक्रिलिक कंपाउंड रोबोट फवारतात आणि रंगाच्या भट्टीत ते वाळतं, हे आम्हाला पुढं कळलं. त्याच जातीचा माल बादलीत मिळतो, तोच आम्ही गाडीच्या आत फवारायला लागलो. वाळला की तो रबरासारखा चिवट होतो, पत्र्याला घट्ट धरतो आणि पत्र्याची थरथर स्वतःत जिरवून तिची किंचित उष्णता करतो. कोऱ्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं तर "टण्ण" वाजतं, कोट वाळल्यावर तिथंच "थड" येतं. गिऱ्हाइकाला आम्ही अजूनही आधी आणि नंतर स्वतःच्या हातानं ठोकायला लावतो.

आमच्याकडे भट्टी नाही, त्यामुळे थर पातळ आणि धीर जास्त. एका कोटात साधारण एक मिलिमीटर, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. ओल्या थरात खाचांची पट्टी टेकवून जाडी बघायची. पाणी उडालं की थर बसतो, म्हणून ओला असताना थोडा जादाच ठेवावा लागतो. एकदम जाड मारला तर वरून कातडी धरते आणि आत ओल राहते. घाईतल्या कामाला भेगा पडतात त्या याच कारणानं.

पण खरं सांगायचं तर स्प्रे गन हातात धरायची वेळ फार थोडी. आमचा धंदा खोलकामाचा आहे. आधी बॅटरी काढायची आणि थोडा वेळ थांबायचं, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. मग सीटा, कन्सोल, पट्ट्या, कार्पेट. कार्पेट उचललं की गाडीचा सगळा संसार दिसतो: शेंगांची टरफलं, नाणी, देवळातला सुकलेला हार, आणि एसीची नळी तुंबली असेल तर पाण्यानं जड झालेला फोम. गंज दिसला तर तो घासून, प्रायमर मारूनच पुढं. गंजावर कोट मारणं म्हणजे ओल कोंडून ठेवणं.

त्यानंतर मास्किंग, आणि ते माझा धाकटा भाऊच करतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. सीटबेल्टच्या बोल्टांचे आटे, अर्थिंगच्या जागा, वायरिंगचे कनेक्टर, कन्सोलखालचं एअरबॅगचं मॉड्यूल, पाणी निघून जायची भोकं, सगळं झाकायचं. एक आटा बुजला तर सीटबेल्टचा बोल्ट नीट आवळत नाही, तिथं चालढकल नाही. माल पाण्याचा असला तरी फवारताना तोंडाला मास्क लागतोच.

सुरुवातीला लोक म्हणायचे, "बादली केवढ्याला येते ते मला माहितीय." म्हणून कोटेशन दोन ओळींत द्यायला लागलो: खोलणं-बसवणं वेगळं, माल आणि फवारणी वेगळी. पहिली ओळ मोठी निघायची. काहींनी गाडी वळवून नेली, काहीजण घरी सीटा काढून नुसता सांगाडा घेऊन आले. हिशेब उघडा ठेवल्यापासून घासाघीस मात्र कमी झाली.

स्प्रेचा खरा कस लागतो तो उंच व्हॅनमध्ये. ॲम्ब्युलन्स किंवा कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) बनवणारे रिकामी गाडी आणून लावतात. बाजूचे पत्रे मोठे, मोकळे, ढोलासारखे वाजणारे, आणि त्यावर नागमोडी घड्या. तिथं आवाज दाबणारं तयार शीट चिकटवायला गेलं की कोपऱ्यात हवा राहते. गन मात्र फासळ्यांच्या मागंही पोचते. उलट दरवाज्यांच्या आत आम्ही फवारत नाही. काचेची पट्टी आणि यंत्रणा तिथंच असते, शिवाय खालची भोकं बुजली तर दरवाजात पाणी साठून तो आतून सडतो. तिथं हातानं ब्युटाइल रबराची चिकट शीट, तीही मधल्या मोकळ्या पत्र्यावर. टपाच्या कडेला खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्या बाजूला जातच नाही.

काय होणार नाही, तेही आधीच सांगतो. पत्र्याची गुणगुण, चाकांच्या कमानीवर उडणाऱ्या खड्यांचा आवाज, पावसाचा टपावरचा ताशा, हे उतरतं. काचेवरून येणारा वारा आणि रबरातून शिरणारी शिट्टी उतरत नाही. परवा सिमेंटच्या रस्त्यावर फार आवाज येतो म्हणून एकजण आले. टायर बघितले तर कडक होऊन एका बाजूनं झिजलेले. आधी टायर बदला म्हणून परत पाठवलं. हल्ली इलेक्ट्रिक गाड्याही विचारायला येतात. इंजिनचा आवाज नसल्यामुळे रस्त्याचा आवाज जास्त टोचतो, हे खरं आहे. पण जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या आसपास उघडाउघड करायचं रीतसर शिक्षण आमच्या पोरांना मिळेपर्यंत ती कामं घेत नाही.

पावसाळ्यात हवा दमट, थर वाळता वाळत नाही. पंखे आणि हॅलोजन लावूनही गाडी दुप्पट दिवस अडकते. त्यामुळे जून ते सप्टेंबर फक्त व्हॅनवाल्यांची कामं, कारण त्यांना घाई नसते. घरच्या गाडीचं काम असेल तर दिवाळीनंतरची तारीख धरा, आणि येताना डिकी रिकामी करून या.