मेळघाटातलं गवत

मार्चमध्ये परतवाडा सोडून घटांगचा घाट चढलो, तर दोन्ही बाजूंनी सातपुडा उघडा पडलेला. साग निष्पर्ण, सालईची पांढरट खोडं, मधूनच पेटलेला पळस. सेमाडोहला सिपनेच्या काठी उतरल्यावर मात्र अर्जुनाच्या सावलीत पाण्याचे डोह दिसले आणि जिवाला बरं वाटलं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या पाचही नद्या मेळघाटातून वाहत तापीला मिळतात. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या कितीतरी गावांना गोडं पाणी वान नदीच्या धरणातून येतं, आणि ती वानही इथलीच.

1973-74 साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत महाराष्ट्रातला एकटा मेळघाट. तरी लोक वाघ पाहायला ताडोब्यालाच जातात. इथले डोंगर अवघड, चितळ-सांबर विरळ, म्हणून एकेका वाघाला फार मोठा मुलूख लागतो. आमचा कोरकू गाईड जिप्सीत बसतानाच म्हणाला, "दादा, वाघाचं सांगता येत नाही, पन गवा दिसनच."

दिसलाही. व्याघ्रप्रकल्पासाठी पुनर्वसन झालेल्या एका गावाच्या गावठाणावर आता कमरेएवढं वाळलं गवत आहे. जुने आंबे तसेच उभे, एका घराचा ओटा अजून ओळखू येतो, आणि त्याच्या पलीकडे रानगव्यांचा कळप चरत होता. काळेभोर, पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे. पोटभर पाहिले.

हे गवत आपोआप येत नाही. टणटणी, रानतुळस ही तणं फुलावर यायच्या आत मुळासकट उपटावी लागतात, चांगल्या गवताचं बी जमिनीवर पडू द्यावं लागतं, उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्या लागतात. मोहफुलं वेचायला कुणी झाडाखालचा पाला पेटवला, की वारा तो वणवा डोंगरभर नेतो. वनमजूर तो झाडाच्या फांद्यांनी झोडपून विझवतात. या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

याच रानात रानपिंगळा हे छोटं घुबड राहतं. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं ते कुणालाच दिसलं नव्हतं. 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडलं, पुढे मेळघाटातही. आम्हाला नुसतं ऐकू आलं.

परतताना गाईड त्याच्या आत्याबद्दल बोलला. तिचं गाव उठून अकोटकडे गेलं. बोरी, कोहा, कुंड ही गावं तर वीसेक वर्षांपूर्वीच गेली. पुनर्वसनाची रक्कम 2021 मध्ये कुटुंबामागे 10 लाखांवरून 15 लाख झाली, पण पैसा संपतो आणि मोह, डिंक, तेंदूपानाची कमाई मागे राहते. 2019 च्या जानेवारीत पुनर्वसित गावकरी केलपाणीकडे परत आले आणि वनकर्मचाऱ्यांशी मोठी झटापट झाली. गवत राखण्याच्या, वणवा विझवण्याच्या रोजगारावर पहिला हक्क या घरांचा असावा, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या उतारावर कोणतं गवत येतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.