मूळ सोडून भाषांतरं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी घरातही काढत नाही. काढला की बायको आधी आकडा विचारते. प्रश्न नेहमीचाच: एवढी सोळाव्या शतकातली पुस्तकं जमवतोस, तर ओविड नि व्हर्जिल हे रोमन कवी मुळातून, लॅटिनमध्ये घे की. ही इटालियन भाषांतरं कशाला?

सरळ उत्तर असं की मला लॅटिन येत नाही. इटलीत तोरीनोला गाड्यांच्या डिझाइनच्या कामासाठी आलो, कामापुरतं इटालियन शिकलो, मग ते कामाबाहेरही पसरलं. लॅटिनचं व्याकरण दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

पण हे अर्धंच उत्तर झालं. आमच्या घरात व्यासांचं महाभारत कोणीही वाचलेलं नव्हतं. आजीनं वाचला तो श्रीधरांचा पांडवप्रताप, ओवीत. तिचा कर्ण, तिची द्रौपदी तिथली. संस्कृत तिला येत नव्हतं म्हणून तिचं महाभारत कुठे कमी पडलं असं मला कधी वाटलं नाही. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये, दुकान बंद करून संध्याकाळी ओविड वाचणारा माणूस मला आजीच्या जवळचा वाटतो. त्याच्या हातातलं पुस्तक मला हवं असतं.

आणि त्या पुस्तकांची वंशावळ काय सुरस आहे! ओविडचं 'मेटामॉर्फोसिस', म्हणजे माणसांची झाडं, पक्षी नि प्राणी होण्याच्या गोष्टी, इटालियनमध्ये 1497 मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. ते जोव्हान्नी बोनसिन्योरीचं चौदाव्या शतकातलं गद्य. तोही थेट ओविडवर फार विसंबला नव्हता. जोव्हान्नी देल व्हिर्जिलिओ नावाच्या प्राध्यापकानं ओविडवर दिलेल्या व्याख्यानांवरून त्यानं काम भागवलं. 1522 मध्ये निक्कोलो देल्यी आगोस्तीनीनं हेच गद्य पद्यात घातलं. म्हणजे व्याख्यानांचं भाषांतर आणि त्या भाषांतराचं पद्य. विद्वानांनी नाकं मुरडली, लोकांनी वाचलं.

मग आला लोदोविको दोल्चे. हा माणूस गाब्रिएले जोलितोच्या छापखान्याला जन्मभर जुंपलेला: भाषांतरं कर, संपादन कर, दुसऱ्यांची हस्तलिखितं नीट कर. 1553 मध्ये त्यानं ओविड आठ ओळींच्या, 'ओत्तावा' म्हणतात त्या कडव्यांत उतरवला. आरिओस्तोच्या 'ओर्लांदो फुरिओसो'नं तेव्हा इटलीला वेड लावलं होतं आणि ते याच कडव्यांत होतं. दोल्चेनं ओविडचे पंधरा खंड मोडून तीस सर्ग केले. वाचकाला जुनं पुस्तक नव्या पुस्तकाच्या कपड्यांत दिलं. धंद्याची अक्कल म्हणा, मला त्यात काही वावगं दिसत नाही. चुका मात्र भरपूर होत्या. रुशेल्ली नावाच्या टीकाकारानं त्याच वर्षी त्या जाहीरपणे मोजून दाखवल्या, आणि वर्ष संपायच्या आत दोल्चेची दुरुस्त आवृत्ती निघाली. एकाच सालाच्या या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघणं ही माझी आवडती चैन आहे. दोन्ही माझ्या नाहीत, अर्थात. ग्रंथालयात बघतो.

व्हर्जिलचं सांगायचं तर आन्नीबाल कारो. फार्नेझे घराण्याच्या चाकरीत त्याचा जन्म गेला. म्हातारपणी स्वतःचं महाकाव्य लिहायचं मनात होतं, त्याआधी हात बसवावा म्हणून त्यानं व्हर्जिलचं महाकाव्य 'इनीड' भाषांतराला घेतलं. ते काही हात सोडेना. व्हर्जिलच्या दहा हजारांना थोड्या कमी ओळी, कारोच्या पंधरा हजारांच्या वर, बिनयमकाच्या. 1566 मध्ये तो गेला, पुस्तक व्हेनिसला जुंतींच्या छापखान्यात 1581 मध्ये छापलं गेलं. स्वतःचं महाकाव्य झालंच नाही, आणि आज कारोचं नाव या 'सरावा'मुळे टिकलंय.

चित्रकारांचंही तेच. टिशियनला लॅटिन जेमतेम येत असावं असं अभ्यासक मानतात, आणि दोल्चे तर त्याच्या बैठकीतला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी टिशियननं शिकारीची देवी डायाना नि शिकारी अ‍ॅक्टिऑन यांचं चित्र रंगवलं, त्यामागे मूळ ओविडपेक्षा हीच बाजारातली पुस्तकं असणार.

अ‍ॅक्टिऑनवरून माझ्या एका प्रतीची गोष्ट सांगतो. जोव्हान्नी आंद्रेआ देल'आंग्विल्लाराचा ओविड 1561 मध्ये पूर्ण छापला गेला आणि त्यानं दोल्चेला मागे टाकलं. पुढच्या शतकातही तो छापला जात होता, म्हणून त्याच्या उशिराच्या छोट्या आवृत्त्या माझ्यासारख्याच्या आवाक्यात येतात. मी घेतली ती एका जुन्या बाजारात, टेबलावरच्या ढिगातून. आखूड आकार, चर्मपत्राची पिवळट बांधणी, कसरीची दोन-चार भोकं. कागद मात्र चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे आजही कडक. पान उलटताना आवाज येतो. विकणारा म्हणाला, प्रत पूर्ण आहे. मी मान डोलावली. मोजायला हवं होतं. अशा पुस्तकात दर फर्म्यात, म्हणजे घडी घालून शिवलेल्या जुडीत, आठ पानं, पहिल्या काही पानांखाली अक्षर नि आकडा छापलेला, मोजायला दहा मिनिटं पुरतात.

घरी येऊन वाचायला बसलो. अ‍ॅक्टिऑन शिकारीला जातो, चुकून डायानाला आंघोळ करताना बघतो, ती त्याच्यावर पाणी उडवते, त्याला शिंगं फुटतात. आता त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडणार. पानाच्या तळाशी, पुढच्या पानाचा पहिला शब्द छापायची रीत असे, तिथे होतं 'मेंत्रे'. पुढचं पान सुरू झालं 'नोन'नं, आणि गोष्ट भलतीच! शिवणीत बोट फिरवलं तर फाडलेल्या पानाची बोटाच्या नखाएवढी पट्टी लागली. फर्म्याच्या मधल्या जोडीतलं, पाचवं पान.

विकणाऱ्याला फोन केला. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग म्हणाला की त्यानं 'पूर्ण' म्हटलं ते बांधणीबद्दल.

या आवृत्तीचं ते पान एका ग्रंथालयानं स्कॅन करून ठेवलंय, माझ्या फोनमध्येही आहे. जुन्यासारख्या दिसणाऱ्या कागदावर छापून आत चिकटव, असं एक मित्र दर भेटीत सुचवतो. मी अजून चिकटवलेलं नाही. माझ्या प्रतीत कुत्रे अजून पोचलेले नाहीत.