बंदर वाढलं, नोकरी कंत्राटीच

उरणजवळ दास्तान फाट्यावर ट्रेलरांची रांग संपतच नव्हती. एसटीत शेजारच्या आजी म्हणाल्या, “इथे आमची भातशेती होती. आता नातू बंदरात कंत्राटदाराकडे आहे, कधी काढतील नेम नाही.” मांडीवर त्याचाच जेवणाचा डबा, फडक्यात घट्ट बांधलेला.

न्हावाशेवा बंदर १९८९ला सुरू झालं. १९९९ला पहिलं खासगी टर्मिनल, म्हणजे जहाजांचा माल चढवायचा-उतरवायचा धक्का, आलं. २०२२मध्ये बंदर स्वतः चालवत होतं ते कंटेनर टर्मिनलही खासगी कंपनीकडे गेलं. माल वाढला, ते चांगलंच.

पण याच भागात १९८४ला जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलून जीव दिलाय हो!

आता पालघर जिल्ह्यात वाढवणचं बंदर येतंय. तिथल्या मच्छीमारांच्या पोरांना कायम नोकरीची लेखी हमी आधीच मिळायला नको का?