पॅरिसची जुनी दुकानं आणि एक कल्हईवालं पातेलं

प्लास व्हाँदोमला आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो, दुकानं अजून उघडायची होती, रस्ता नुकताच धुतलेला आणि एवढा मोठा चौक जवळजवळ रिकामा. माझी मावसबहीण गेली नऊ वर्षं पॅरिसजवळ राहते, ती आदल्या रात्रीच म्हणाली होती, "ताई, आयफेल टॉवर कुठे पळून जात नाही, आधी तुला जुनी दुकानं दाखवते." बरं झालं तिचं ऐकलं.

चौक बघताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे चारी बाजूंच्या इमारती एकसारख्या, तेच खांब, त्याच कमानी, तीच निळसर राखाडी छपरं. बहिणीने त्यामागचं कारण सांगितलं ते मला फार आवडलं. चौदाव्या लुईच्या काळात ज्यूल आर्दुआं-मांसार या आर्किटेक्टने इथे आधी नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या आणि भिंतींमागचे प्लॉट नंतर लोकांना विकले, म्हणजे समोरून सगळं एक आणि मागे प्रत्येकाचं घर आपापल्या तऱ्हेचं. मधला खांब नेपोलियनचा, ऑस्टरलिट्झच्या लढाईत पकडलेल्या तोफा वितळवून त्याचा पत्रा केलेला. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या बंडवाल्यांनी तो पाडला आणि काही वर्षांनी तो परत उभारला गेला.

या चौकात पहिलं जवाहिऱ्याचं दुकान आलं ते बुशरोंचं, १८९३ साली, २६ नंबरला. कोपऱ्यावरची ही जागा त्याने ऊन दिवसभर येतं म्हणून घेतली असं सांगतात, हिरे उन्हात जास्त खुलतात ना. १८९८ मध्ये १५ नंबरला रित्झ हॉटेल उघडलं. आणि १२ नंबरला शोमे, हे जवाहिऱ्यांचं घराणं १७८० पासूनचं, या इमारतीत मात्र १९०७ मध्ये आलं. याच इमारतीत १८४९ मध्ये संगीतकार शोपँ वारला.

शोमेच्या दारासमोर मी बराच वेळ उभी राहिले, त्याला कारण आहे. माझ्या आत्याचं सासर इंदूरचं, लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो की होळकरांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या, आणि त्यातली एक या दुकानाची आहे. १९१३ साली तुकोजीराव होळकरांनी शोमेकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, एक ४६.९५ कॅरेटचा, दुसरा ४६.७० कॅरेटचा. "इंदूर पेअर्स" म्हणून जगात प्रसिद्ध झाले ते हेच. पुढे त्यांच्या मुलाचं, यशवंतरावांचं, बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने मराठी पोशाखात चित्र काढलं त्यातही गळ्यात हेच दोन हिरे आहेत. त्याच चित्रकाराने आधी त्यांचं काळ्या पाश्चात्त्य सूटमधलंही एक चित्र काढलेलं. मी ही चित्रं फक्त फोटोत बघितलीत, पण मराठी पोशाखातल्या त्या चित्राकडे बघून मला नेहमी वाटतं की हा माणूस दोन्ही कपड्यांत तितकाच सहज बसलाय, कुठेही परका वाटत नाही. यशवंतरावांनी इंदूरला माणिकबाग बांधला तेव्हा फर्निचर, चांदीची भांडी असं कितीतरी पॅरिसच्या कारागिरांकडूनच करून घेतलं होतं.

आणि फक्त होळकरच नाही, बडोद्याच्या गायकवाडांनी १९२६ मध्ये लुई व्हितोंकडून चहाची ट्रंक करून घेतली होती, प्रवासात किटली, कप सगळं आपापल्या खाचेत नीट बसेल अशी. हा लुई व्हितों मूळचा ज्युरा डोंगरांकडचा, चौदाव्या वर्षी घर सोडून पायी पॅरिसला निघाला, पोचायला त्याला जवळपास दोन वर्षं लागली, आणि इथे येऊन काय शिकला तर खोकी बनवून श्रीमंतांचं सामान बांधून द्यायचं काम. १८५४ मध्ये त्याने स्वतःचं दुकान टाकलं तेही व्हाँदोमच्या शेजारच्याच गल्लीत. तोपर्यंत ट्रंकेचं झाकण गोल घुमटासारखं असायचं, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. याने सपाट झाकण केलं आणि वर पाणी न धरणारं कॅनव्हास लावलं, कारण आता लोक रेल्वेने आणि बोटीने फिरायला लागले होते आणि ट्रंका एकावर एक रचायच्या होत्या. पॅकिंग करणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं.

तिथून चालत फोबूर सँ-ऑनोरे रस्त्यावर २४ नंबरला एर्मेस. हे लोक १८३७ पासून घोड्यांचं साज-सामान करणारे, १८८० पासून या जागेत. काचेतलं डिस्प्ले बघायला खूप लोक थांबतात, पण मान वर करून बघा, छतावर एक घोडेस्वार आहे, हातात रुमालाचे झेंडे घेतलेला. आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आजही खोगिरं शिवली जातात. खाली दुकान आणि वर कारखाना. मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हा या घराण्याने तेच कातडं आणि तोच टाका बॅगांवर वापरायला घेतला, आणि खोगिराचं कामही सोडलं नाही.

हा टाका मला जवळून बघायचाच होता. खोगिराच्या कारखान्यात कोणालाही सोडत नाहीत, म्हणून दुपारी बहीण मला बास्टीयकडे व्हियादुक देझार्ला घेऊन गेली. जुन्या रेल्वेच्या पुलाखालच्या कमानी आहेत त्या, गाडी बंद झाली १९६९ मध्ये, आता कमानींमध्ये कारागिरांची दुकानं आहेत आणि वर झाडं लावलेली पायवाट. एका कमानीत एक बाई कातडं शिवत बसलेली, काचेतून आम्ही बघतोय म्हटल्यावर तिने हाताने आत बोलावलं.

दोन्ही गुडघ्यांमध्ये लाकडी चिमटा धरलेला, त्यात कातड्याचे दोन तुकडे पकडलेले. एकच दोरा, जवसाच्या तंतूंचा, मेण चोळलेला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. आरीने भोक पाडायचं, एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच एका भोकातून, आणि मग दोन्ही हात बाजूला पसरून दोरा ओढायचा, पक्षी पंख पसरतो ना तसं. प्रत्येक टाक्याला तेच. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात त्यामुळे एक तुटला की शिलाई उसवत जाते, इथे एक टाका तुटला तरी पुढचा मागचा जागच्या जागी राहतो. तिने खरंच एक टाका कापून दाखवला, आणि कातडं दोन्ही हातांनी ताणलं, काही झालं नाही. ती बोलत होती फ्रेंचमध्ये, बहीण सांगत होती, पण मला ते न सांगताच कळलं असतं कारण आमच्या घराजवळचे चांभारकाका आरी अगदी अशीच धरायचे, अंगठ्याच्या बुंध्याशी.

भूक लागली होती म्हणून मेट्रोने मोंतोर्गय रस्त्यावर स्टोरेरमध्ये गेलो. हे मिठाईचं दुकान १७३० पासूनचं, आपल्याकडे तेव्हा शनिवारवाड्याचं काम चालू होतं. निकोला स्टोरेर हा पोलंडच्या राजाचा आचारी, राजकन्येचं लग्न पंधराव्या लुईशी झालं तेव्हा तिच्याबरोबर व्हर्सायला आला आणि पाच वर्षांनी त्याने इथे दुकान काढलं. रममध्ये भिजवलेला बाबा नावाचा केक खाल्ला, जास्त गोड होता, पण भिंतीवरची चित्रं बघत उभ्याउभ्या खायला मजा आली.

आणि मग तिथून पाच मिनिटांवर माझं सगळ्यात आवडतं ठिकाण, कोकिएर रस्त्यावरचं देइलरँ. १८२० पासूनचं स्वैपाकाच्या भांड्यांचं दुकान, बाहेरून हिरवा रंग. आत शिरलं की कुरकुरणारी लाकडी जमीन, अंधारे रॅक छतापर्यंत, आणि वर खिळ्यांना टांगलेली तांब्याची भांडी, मोठ्यातल्या मोठ्या हंड्यापासून अंडं तळायच्या छोट्या तव्यापर्यंत. हॉटेलांचे शेफ इथे येतात आणि माझ्यासारखी माणसंही येतात, दोघांना तेच भांडं मिळतं.

मी पुण्याच्या कसब्यात वाढलेय, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी हाकेच्या अंतरावर, सकाळी जाग यायची तीच ठोक्यांच्या आवाजाने. त्यामुळे तिथे एक पातेलं हातात घेऊन आत बघितलं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अगं, ही तर कल्हई!" तीच ती मऊ पांढरट चकाकी, कडेला फडक्याने पुसल्याचे पट्टे दिसणारी. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकला की तो उग्र पांढरा धूर, मग कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात पसरवायचं. कल्हई गेलेल्या भांड्यात आजी ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. फ्रान्समध्येही कारण तेच, आंबट पदार्थ तांब्याला लागला की बाधतो. आता बरीचशी भांडी आतून स्टीलची करतात, पण जुन्या पद्धतीची कथील लावलेलीही करतात. दुकानातल्या गृहस्थांना बहिणीने विचारलं की कथील झिजलं तर काय करायचं, तर ते म्हणाले इथे आणून द्या, परत लावून देतो.

तांब्याच्या कामाचं तिथलं गाव नॉर्मंडीत आहे, व्हिलदियू-ले-पोएल. तिथल्या लोकांना सूरदँ म्हणतात, म्हणजे बहिरे, पिढ्यानपिढ्या हातोडीचा आवाज ऐकून कान गेलेले म्हणून. हे ऐकल्यावर मला आमच्या आळीतले एक आजोबा आठवले, त्यांच्याशी बोलायचं तर सगळे ओरडूनच बोलायचे, आणि लहानपणी मला वाटायचं की ते चिडतात.

मी एक छोटं पातेलं घेतलं, दोन माणसांच्या आमटीपुरतं. किंमत मला जास्त होती, पण विचार करून घेतलं आणि केबिन बॅगेत साडीत गुंडाळून आणलं.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी ते घेऊन तांबट आळीत गेले. तिथल्या एका तांबटकाकांनी चष्मा वर केला, पातेलं उजेडात धरलं, बुडावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, मूठ जिथे बसवलीय तिथले रिव्हेट अंगठ्याने दाबून बघितले, आतून एक बोट फिरवलं. "पत्रा जाड आहे," म्हणाले, "मठारकाम नाही केलेलं," म्हणजे वर ठोक्यांची नक्षी नाही, "पण घडवलंय नीट. कल्हई कोणी लावली?" मी म्हटलं पॅरिसला. "हात चांगलाय," म्हणाले, आणि पातेलं माझ्याकडे परत दिलं. "गेली की घेऊन ये."