साकोलीकडच्या मंडईत रंगलेली दुय्यम खडी गंमत

भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, अशा तारखा आपसात ठरतात, म्हणजे लेकीजावयांना आणि सोयऱ्यांना सगळीकडे जाता येतं. यंदा साकोली तालुक्यातल्या एका मंडईला गेलो, ते खास दुय्यम खडी गंमत ऐकायला. खडी गंमत हे इकडचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य आणि दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. तुऱ्याचा शाहीर शिवाची बाजू लढवतो, कलगीचा शक्तीची. सगळे उभ्यानेच गातात, म्हणून ती खडी गंमत.

नागपूरहून रायपूरच्या महामार्गाने भंडारा, लाखनी आणि मग साकोली, साधारण शंभर किलोमीटर. एसटी भरपूर आहेत. गोंदिया-बल्लारशा लाईनवरून येणाऱ्यांना सौंदड स्टेशन जवळ पडतं. तिथून पुढे ऑटो.

गण-गौळण बेताची झाली. नाच्याची बतावणी मात्र झकास! समोर बसलेल्या गावपुढाऱ्यांनाच त्याने संवादात ओढलं. खरा रंग भरला सवाल-जवाबात. तुऱ्याच्या शाहिराने विचारलं, आकाशातून कोसळणारी गंगा जटेत कोणी झेलली? सवाल जुनाच, उत्तरही सगळ्यांना पाठ. कलगीवाल्याने लगेच तोंड उघडलं नाही. मागून साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांना त्याने ध्रुपद घोळवत ठेवायची खूण केली. ढोलकीवाल्याने लय चढवली, काखेत धरायच्या चोनकं या तंतुवाद्याची तार तिच्यामागे धावू लागली, नाच्याचे चाळ त्यात मिसळले. कितीतरी आवर्तनं अशीच गेली आणि मग जवाब आला: झेलणारा जागीच उभा राहिला, वाहणारी पुढे गेली म्हणून धानाला पाणी मिळालं. मंडपातले शेतकरी उठून ओरडायला लागले.

तुरेवाला हटणारा नव्हता. तीच चाल पकडून तो म्हणाला, पाणी धरलं नसतं तर तुमचा तलाव कशाने भरला असता? हा भाग कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचा. पाळ म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. शंकराची जटा एका ओळीत गावच्या तलावाची पाळ झाली! कलगीवाल्याचं उत्तर आणखी सरस: पाळ तुमची खरी, पण तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडल्याशिवाय बांधीत (धानाच्या खाचरात) थेंब येतो का? त्या ओळीवर ढोलकीवाल्याने जी तिहाई मारली, तिला दोन्ही पार्ट्यांनी मान हलवून दाद दिली.

ऐकायला जाणाऱ्यांनी लक्ष ठेवायचं ते झिलेवर, म्हणजे साथीदारांनी घोळवलेल्या ध्रुपदावर. नवख्याला वाटतं, तेच तेच म्हणताहेत. पण त्या घोळवण्यातच शाहिराची पुढची ओळ जुळत असते आणि तेवढा वेळ ढोलकीवाल्याला मनासारखं वाजवायची मोकळीक असते. म्हणून कर्ण्यापासून दूर, ढोलकीच्या बाजूला बसा. आम्ही मागे उभे होतो तर एका आजोबांनी हात धरून जागा दिली, ‘‘या ना जी, पुढं बसा.’’

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या जॅम बँडची रेकॉर्डिंग मी खूप ऐकतो. तेच गाणं दर मैफलीत नव्या वाटेने जातं. 1984 पासून त्यांनी मैफल टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागा राखली आणि त्यामुळे त्या मैफली आज घरबसल्या ऐकता येतात. मंडईतला हा सवाल-जवाब तितक्याच तोलाचा आहे आणि तो जपला जायलाच हवा. तेव्हा फोन पूर्ण चार्ज करून न्या, सुरू होण्याआधी शाहिरांना विचारा आणि तुकडे न काढता सलग रेकॉर्ड करा. झील कापली तर जवाब कसा घडला ते कळत नाही.

तारखा आठवडाभर आधी चौकातल्या पोस्टरवर लागतात. ‘मंडईनिमित्त दुय्यम खडी गंमत’ एवढं वाचलं की झालं. पानठेल्यावरही नक्की कळतं. दुपारीच पोचा, कारण बहुतेक ठिकाणी गंमत दिवसा असते आणि रात्री वडशाच्या (गडचिरोली जिल्ह्यातल्या) एखाद्या नाटक कंपनीचं तिकिटाचं नाटक लागतं, ते पहाटेपर्यंत चालतं. थांबणार असाल तर जाड चादर हवीच, कापणीच्या दिवसांत इथे चांगली थंडी पडते. खायला आलूबोंडे आणि उकडलेले शिंगाडे मिळतात. शिंगाडे जरूर घ्या, ते इथल्याच तलावांतले.

खिशात सुट्या नोटा ठेवा. इनाम दिलं की शाहीर देणाऱ्याचं नाव पुकारतो, कधी चालीतच गुंफतो. ढोलकीवाल्याला वेगळं द्या, त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. नागझिरा अभयारण्याच्या बाजूचं गाव असेल तर रात्री दुचाकीने परतू नका, रस्त्यावर जनावरं येतात. नाटक संपेपर्यंत बसा आणि सकाळची पहिली एसटी पकडा.