पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतला समुद्र

गोव्याला येणारा मराठी प्रवासी बहुधा दोन याद्या घेऊन येतो. एक मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या देवळांची आणि दुसरी समुद्रकिनाऱ्यांची. या दोन्ही याद्यांत न बसणारे 'म्युझियम ऑफ गोवा' बार्देश तालुक्यातील पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारी उभे आहे. शिल्पकार आणि मांडणशिल्पकार डॉ. सुबोध केरकर यांनी 2015 साली ते उघडले. पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून, पर्वरीचा चढ चढून आत वळले की मालवाहू टेम्पोंच्या मागोमाग तिथे पोहोचता येते. पर्वरीला राहणारे माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी वाटेतच सांगून ठेवले, "बाय, म्युझियम म्हणून तू जुनी नाणी आणि तलवारी शोधायला लागशील. तसले काही तिथे नाही, हे आधीच सांगतो."

केरकरांचा जन्म 1959 चा. वडील चंद्रकांत केरकर चित्रकार असल्यामुळे रंग घरातच होते, परंतु सुबोध वैद्यकशास्त्र शिकले, डॉक्टर झाले आणि पुढे व्यवसाय सोडून पूर्णवेळ कलेकडे वळले. त्यांची ओळख करून देणारा प्रत्येक जण डॉक्टरकी सोडल्याची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि आपल्याकडे एखाद्याने चालता व्यवसाय सोडला की त्याचे कौतुक आणि हळहळ दोन्ही होतात, हेही खरेच. मला मात्र त्यांच्या आयुष्यातले दुसरे वळण अधिक मोठे वाटते. ते आधी जलरंगात चित्रे काढत, आणि कळंगुटला त्यांचे कलादालन होते. गोव्याची जलरंगातली चित्रे आवडीने घेणारा पर्यटक त्या किनाऱ्यावर कायमच असतो. अशी वाट हाताशी असताना कागद बाजूला ठेवून वाळू, शिंपले, होड्या आणि भरती-ओहोटी यांनाच साहित्य मानणे, म्हणजे विकता न येणाऱ्या गोष्टी करू लागणे, हा निर्णय दवाखाना बंद करण्यापेक्षा सोपा असेल असे मला वाटत नाही.

संग्रहालयात इतर कलावंतांचीही कामे आहेत. त्यांतली काही चांगली आहेत, काही सजावटीच्या पलीकडे जात नाहीत. केरकरांच्या कामांत मिरची पुन्हापुन्हा भेटते. माणसाहून मोठ्या आकाराची मिरची प्रथमदर्शनी गमतीची वाटते, आणि फोटो काढून घेणाऱ्यांची तिच्याभोवती गर्दीही होते. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली आहे. 1510 मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीज गलबतांची जी ये-जा सुरू झाली, तिच्यातून सोळाव्या शतकात ती आपल्याकडे पोहोचली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांच्यावर अवलंबून होता, आणि ज्या मिरीच्या शोधात युरोपीय इथवर आले, तिलाच त्यांनी आणलेल्या मिरचीने आपल्या घरांतून बरेचसे मागे सारले. आज हरमलच्या आणि खोल्याच्या मिरचीचा आपल्याला अभिमान आहे, तिच्याशिवाय शागोतीची, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्याची, कल्पना करवत नाही, आणि ती परकी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काजू, अननस, पपई, पेरू, बटाटा यांचीही कथा अशीच आहे. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला अर्धे वाक्य मिळते. इथे तिला आख्खी मिरची मिळाली आहे.

मी सर्वाधिक वेळ थांबले ती चिनी मातीच्या ताटल्यांसमोर. केरकर अशा ताटल्या समुद्राच्या पाण्यात ठेवतात आणि बराच काळ तिथेच राहू देतात. कालवाचे पिल्लू आरंभीचे दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असते, मग एखादा कठीण पृष्ठभाग निवडून आपल्या एका शिंपेने त्याला कायमचे चिकटते आणि पुन्हा कधीही हलत नाही. खडकाला धरून राहणारे इतर कवचधारी जीवही असेच येऊन बसतात. त्यांना खडक आणि ताटली यांत भेद नसतो, कारण दोन्ही तितकेच टणक. त्यामुळे ताटली बाहेर काढली जाते तेव्हा तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर करड्या-पांढऱ्या खरबरीत कवचांचे थर चढलेले असतात, आणि मधूनच मूळची झिलई डोकावते. हे थर कुठे यावेत, किती जाड व्हावेत, कोणता भाग उघडा राहावा, यांपैकी काहीही कलावंताच्या हातात नसते. ताटली निवडणे, ती बुडवणे आणि केव्हा थांबायचे ते ठरवणे, इतकेच त्याच्याकडे उरते. समुद्राला चित्रविषय करणारे पुष्कळ असतात, पण त्याला कामाचा वाटा देऊन स्वतः मागे सरणारे थोडे.

शिवाय त्या ताटल्या चिनी मातीच्या आहेत, यालाही कारण आहे. मकाव पोर्तुगीजांकडे असल्यामुळे चीन, गोवा आणि लिस्बन या मार्गाने चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा व्यापार चालत असे, आणि बुडालेल्या जहाजांबरोबर त्यातली कित्येक भांडी समुद्रतळाशी गेली. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने आईला विचारले, "हे धुतलं का नाही?" आईने तिला गप्प केले, पण मला तो प्रश्न उत्तम वाटला. धुतले असते तर नुसती ताटली उरली असती.

किनाऱ्यावरच्या कामांची मात्र इथे छायाचित्रेच पाहावी लागतात. शिनाणे म्हणजे खडकांना चिकटून राहणारे शिंपले, त्यांच्या काळ्या-निळ्या शिंपांची वाळूवर रचलेली होडी, मच्छीमारांनाच बसवून साधलेला होडीचा आकार, अशी ही कामे आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते; म्हणजे ओहोटी लागल्यापासून पाणी परत येईपर्यंत जे काही तास मिळतात, तेवढ्यात रचना पुरी करून तिचे छायाचित्र घ्यावे लागते आणि मग ती पाण्याच्या स्वाधीन करावी लागते. छायाचित्रे देखणी आहेत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्यांत काम पूर्ण झाल्याचा क्षण दिसतो. पायांत शिरणारे पाणी, घाई, ओरडून दिलेल्या सूचना, ऊन यांतले काहीच दिसत नाही. ताटलीवर काळ साचलेला दिसतो, तसा तो या चौकटींत दिसत नाही.

मामांना हे पटले नाही. त्यांच्या मते रापण ओढलेला माणूस ती छायाचित्रे माझ्यापेक्षा वेगळी वाचेल, कारण बाकीचे सगळे त्याच्या अंगात आधीच असते. रापणीचे जाळे किनाऱ्यावरून ओढायला पुष्कळ माणसे लागत आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होत. खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या होड्या त्यासाठी वापरत. सत्तरच्या दशकात ट्रॉलर या यांत्रिक मासेमारी बोटींविरुद्ध रापणकारांनी मोठे आंदोलन केले, ते मामांनी तरुणपणी पाहिलेले आहे. मच्छीमार हे या कलावंताच्या चित्रातले नमुने राहिले नाहीत, ते त्याच्या बरोबरीने काम करणारे झाले, हा त्यांचा मुद्दा मी मान्य केला. छायाचित्रांबद्दलचे माझे मत मात्र तसेच राहिले.

जेवणानंतर साळगावच्या बाजूने परतताना प्लास्टिकच्या 'गालिच्या'चा विषय निघाला. टाकाऊ बाटल्यांपासून फुले करून केरकरांनी साळगावात तो अंथरला होता, कचऱ्याकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी. मी म्हणाले की हेतू इतका उघड असला की कामाला बोलायला फारसे काही उरत नाही; मिरचीत आणि ताटलीत जे दोन-तीन अर्थ एकमेकांत गुंतलेले असतात, ते इथे सुटे होऊन एकच घोषणा उरते. मामांनी गाडी सावकाश बाजूला घेतली आणि रस्त्याकडेच्या गटारात अडकलेल्या बाटल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवले. "तुझे दोन-तीन अर्थ ठीक आहेत गो, पण शाळेत मी तीस मुलांपुढे उभा राहायचो. त्यांना आधी एकच अर्थ नीट कळू दे, पुढचे ती शोधतील," असे म्हणून त्यांनी संग्रहालयात होणाऱ्या रविवारच्या व्याख्यानांना या खेपेस मला नेणारच, असे ठरवूनही टाकले.