सोलापूरहून रोमच्या माक्सीपर्यंत: माझा अनुभव

रोमला जाणारे बहुतेक जण कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेवीचं कारंजं पाहून परततात. माक्सी, म्हणजे एकविसाव्या शतकातल्या कलांचं राष्ट्रीय संग्रहालय, त्यांच्या यादीत नसतं. समकालीन कला आणि वास्तुकला या दोन्हींची संग्रहालयं तिथे एकाच छताखाली आहेत, म्हणून मी त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवला होता.

आधी व्हिसा. शेंगेनचा (इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १५ दिवस आधीपर्यंतची मुभा असली तरी सुट्टीच्या हंगामात तारीखच मिळत नाही, म्हणून ३ महिने हाताशी ठेवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबईत. प्रौढांना शुल्क ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा, परतीच्या तारखेपर्यंतचा. घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत आडनाव आधी, तिकिटावर तिसरंच काही. बँकेतलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि मगच स्टेटमेंट काढा.

रोममध्ये तेर्मिनी स्टेशनवरून मेट्रोची ए लाइन धरायची, दिशा बातिस्तिनी. चौथं स्टेशन फ्लामिनियो. वर आलं की २ नंबरची ट्राम. १०० मिनिटांचं तिकीट मेट्रो आणि ट्राम दोन्हींना चालतं, फक्त मेट्रोत ते एकदाच वापरता येतं. ग्वीदो रेनी रस्त्याच्या जवळ उतरायचं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, इतर दिवशी ते ११ वाजता उघडतं. सकाळी ९ला पोचून काही उपयोग नाही.

ही जागा पूर्वी लष्करी बराकींची होती. १९९८च्या स्पर्धेतून झाहा हदीद यांचा आराखडा निवडला गेला आणि २०१०मध्ये इमारत खुली झाली. रस्त्याकडची जुनी दर्शनी बाजू पाडली नाही, नवं बांधकाम तिला जोडूनच वळवलं. जुन्या मिलचं काय झालं हे पाहिलेल्या सोलापूरकराने या जोडावर दहा मिनिटं तरी थांबावं.

आत गेल्यावर आधी वर पाहा. छताला काचेखालून लांबच लांब पट्ट्या समांतर धावतात, दालन वळलं की त्याही वळतात. मागावरचा ताणा वळणावर ओढून नेल्यासारखं वाटतं. या पट्ट्या शोभेच्या नाहीत: काचेतून येणारा उजेड त्या गाळतात, आणि मोठ्या कलाकृती त्यांनाच टांगता येतात.

दालनांना सरळ क्रम नाही, त्यामुळे खालून सुरुवात केली की तेच तेच दालन पुन्हा समोर येतं. मी सुचवेन, लिफ्टने थेट पाचव्या दालनात जा. त्याची जमीन उतरती आहे आणि टोकाच्या मोठ्या खिडकीतून खालचा चौक दिसतो. तिथून उतरत या. काळ्या जिन्यांच्या पायऱ्या जाळीच्या आहेत, खालचं दिसतं. उंचीची भीती असणाऱ्यांनी आणि टाचेची चप्पल घालणाऱ्यांनी लिफ्टच वापरावी. सगळं मिळून तीन तास लागतात, तासाभरात उरकू नका.

वास्तुकला विभागाकडे इटलीचे वास्तुकार कार्लो स्कार्पा आणि अभियंते पिएर लुईजी नेर्वी यांचे संग्रह आहेत. कधी काय मांडलेलं असेल ते प्रदर्शनांवर ठरतं, निघण्याआधी तपासा. नेर्वींची रेखाटनं मिळोत न मिळोत, बाहेर पडल्यावर काही मिनिटं चालून त्यांचं पालाझेत्तो देल्लो स्पोर्त हे क्रीडागृह गाठाच. १९६०च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला हा काँक्रीटचा घुमट सुमारे ६० मीटर रुंद आहे. विजापूरचा गोल घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर, आणि तो पेलायला केवढ्या जाड भिंती लागल्या ते आपण लहानपणापासून पाहतो. इथे भार पेलणारी भिंत नाहीच. कडेने वाय आकाराचे ३६ तिरपे खांब घुमटाचा भार थेट जमिनीत उतरवतात. एका खांबाला हात लावून त्याचा तिरपेपणा वर कुठे छताच्या कडेला मिळतो ते नजरेने शोधा. मग परतीची ट्राम.